खाडीत रात्री नांगर टाकायचा नाही, हे नेमकं कुणी ठरवलं?

प्रति,
राज्याची बंदरं, खाड्या, खाड्यांवरचे पूल आणि किनाऱ्याची सुरक्षा यांचा कारभार ज्यांच्याकडे आहे ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी

महोदय, महोदया,

खासगी शिडाच्या बोटींनी खाडीत रात्री नांगर टाकायचा नाही, दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं, असं मला गेल्या हंगामात दक्षिण कोकणातल्या एका बंदरावर सांगण्यात आलं. आदेश लेखी आहे का, असं विचारलं. नाही. कुठल्या कायद्याखाली? ‘वरून आलंय.’ वर म्हणजे कुठे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पुढे मी पत्रं लिहिली, स्मरणपत्रं पाठवली. एका कार्यालयानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं ‘विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ असं दोन ओळींत कळवलं. म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर.

आधी मी कोण ते सांगते. मी गुहागर तालुक्यातली. माझे आजोबा दाभोळच्या खाडीत लाँचच्या धक्क्यावर तिकिटं फाडायचे. रस्ते धड नव्हते तेव्हा माणसं, आंबे, पोती, बाळंतिणी, सगळं खाडीनंच यायचं-जायचं. मी बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून एक चोवीस फुटी फायबरची बोट घेतली. एक डोलकाठी, दोन शिडं, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं मशीन, आत झोपायला दोन फळ्या आणि एक स्टोव्ह. पाण्याखालची फळी वर घेतली की अडीच फूट पाण्यातसुद्धा चालते. ‘श्रीमंतांचे चोचले’ असं एका साहेबांनी ऐकवलं, म्हणून सांगते, आमच्या आळीत उभ्या असलेल्या निम्म्या चारचाकी हिच्यापेक्षा महाग आहेत. सोबत असतात आमचे तांडेलमामा. उभी हयात मासेमारीत गेलेली, आता गुडघे कुरकुरतात, पण पाणी बघायची नजर तशीच आहे. दिवाळी झाली की निघायचं आणि मेच्या मध्याला बोट वर ओढून झापाखाली घालायची, असा आमचा हंगाम.

आम्ही जातो ते मालवणच्या किंवा गणपतीपुळ्याच्या गर्दीत नाही. जयगडच्या खाडीतून शास्त्रीत वर, राई-भातगावचा पूल मागे टाकून फुणगूस, करजुव्याकडे. विजयदुर्गाहून वाघोटणच्या खाडीनं खारेपाटणच्या दिशेला, जिथे शिलाहारांच्या काळातलं बंदर होतं. वाटेत गिर्ये इथली मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे. भरतीच्या पाण्यानं गलबत आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरडं करून तासायचं, अशी खडकात केलेली जागा. रस्त्यानं येणारा तिथे दहा मिनिटं उभा राहतो आणि जातो. पाण्यावरून गेलं की ती जागा तिथेच का निवडली, हे कुणी न सांगता कळतं: वारा अडतो, लाट पोचत नाही, तळ चिखलाचा असल्यानं नांगर धरतो. वाशिष्ठीत मगरी आहेत. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी त्या नदीत येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही वरच्या अंगाला गोडं पाणी असतं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांच्या गुहांत पाकोळ्या नावाचे लहान पक्षी घरटी करतात. हे सगळं पुस्तकात आहेच. पण एका खाडीत चार रात्री काढल्याशिवाय ती खाडी कळत नाही, आणि नेमक्या त्या रात्रीच तुम्ही काढून घेता आहात.

आता त्या तोंडी आदेशाबद्दल. ‘संध्याकाळच्या आत बाहेर पडा’ हे वाक्य खुर्चीवर बसून निरुपद्रवी वाटतं. कोकणात भरतीची वेळ काढायला कुणी तक्ता बघत नाही, तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी धरा. चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या मागेपुढे भरती पुरी होते. सहाला ओहोटीचा जोर सगळ्यात जास्त. त्याच वेळी दिवसभर तापलेल्या जमिनीकडे वायव्येचा खारा वारा भरून आलेला असतो. आतून पाणी बाहेर धावतं, बाहेरून वारा आणि लाट आत येते, आणि दोन्ही गाठ घेतात ते खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर. तिथे लाट लांबट राहत नाही, उभी होते आणि फुटते. पूर्णगड, आचरा, केळशी, कुठलंही लहान मुख घ्या. बाणकोटसारखी मोठी खाडीसुद्धा अशा वेळी दया दाखवत नाही. उरात धडकी भरते ती लाट किती उंच आहे म्हणून नाही. एक लाट बोटीखालून जाते आणि पुढच्या लाटेआधी नाळेपुढे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोर, पाण्याचा रंग चहासारखा दिसतो, तेव्हा. चहाचा रंग म्हणजे वाळू ढवळली जातेय, म्हणजे पाणी फूटभरच उरलंय.

अशा वेळी शहाणा नाविक काय करतो? आतच थांबतो. वळणाच्या आड, कांदळवनाच्या बाजूला, जाळी नसलेल्या जागी नांगर टाकतो, चहूबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा डोलकाठीला चढवतो आणि पहाटेच्या मतलईची वाट बघतो. पहाटे वारा जमिनीवरून येतो, दर्या निवलेला असतो, आणि मुख ओलांडायला कष्ट पडत नाहीत. तुमचा आदेश आम्हाला बरोबर उलट करायला सांगतो: सुरक्षित जागेतून सगळ्यात वाईट वेळी, अंधाराच्या तोंडावर, दांड्यावर जा. त्या दिवशी तांडेलमामांनी हे आदेश सांगायला आलेल्या शिपायाला समजावलं. तो भंडारीच होता, समुद्रकाठचाच, त्याला पटलं. तो म्हणाला, ‘मामा, तुम्ही पुलाखाली जाऊन थांबा, मला दिसला नाहीत.’ बरं झालं आमचं. पण कायद्याचं राज्य असं चालावं काय?

हा प्रकार सुरक्षेपायी होतो, हे मला कळतं. २००८ च्या नोव्हेंबरात ‘कुबेर’ ट्रॉलर पळवून दहा जण मुंबईत आले, माणसं मारली. त्यानंतर किनाऱ्यावर पोलीस ठाणी आली, गस्त आली, मच्छीमारांना ओळखपत्रं आली. हवंच होतं. आमची बोट थांबवा, कागद बघा, फळ्या उचलून बघा, आम्ही चहा देऊ. पण नावगाव सांगून, फोन नंबर देऊन, दिवा लावून थांबणाऱ्या बोटीला हाकलल्यानं कुठली सुरक्षा वाढते? रात्री खाडीत वाळूचे बेकायदा सक्शन पंप धडधडत असतात. त्यांना कुणी दिवस मावळायची वेळ घालून दिलेली नाही. आम्ही तिथे असलो तर निदान चार डोळे जास्त. ज्यांना आम्ही नको आहोत त्यांत सुरक्षेची काळजी असणारेच आहेत का, अशी शंका माझ्या मनात येऊन गेली. पुरावा नाही, म्हणून पुढे काही म्हणत नाही.

मूळ दुखणं वेगळंच आहे, असं मला वाटतं. आम्ही तुमच्या कागदावर नाहीच. नोंदणीचा अर्ज भरताना ‘नौकेचा वापर’ असा रकाना आला. मासेमारी, प्रवासी, माल, जलक्रीडा. मी म्हटलं, यातलं काहीच नाही, मी आणि मामा फिरतो. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी बराच विचार करून सुचवलं, ‘जलक्रीडा टाका ना.’ टाकलं. मग पुढचे रकाने: आसनक्षमता, दिवसाच्या फेऱ्या, तिकीट दर. शेवटी कागद तसाच घेऊन बाहेर आले. जे रकान्यात बसत नाही ते संशयास्पद, ही आपल्या कारभाराची जुनी खोड. अंतर्गत जलमार्गांवरच्या नौकांसाठी २०२१ चा नवा कायदा आला, २०२५ मध्ये बंदरांचा आणि व्यापारी नौकांचा असे दोन्ही कायदे नव्यानं झाले. इतकं सगळं नवं होत असताना ‘स्वतःच्या हौसेसाठी, विनामोबदला’ एवढा एक रकाना कुणाला सुचू नये?

आणि कौतुकाच्या वेळी मात्र आपण मागे नसतो. लष्कराची शिडाची बोट ‘तृष्णा’ १९८५ ते ८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आली तेव्हाही नव्हतो. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ घेऊन एकटे जगाला वळसा घालून आले, ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. अभिलाष टॉमी न थांबता जाऊन आले, पुढे २०२३ मध्ये एकट्यानं जगाला वळसा घालायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले. दिलना आणि रूपा या दोन नौदल अधिकारी ‘तारिणी’ घेऊन २०२५ च्या मे महिन्यात गोव्यात परतल्या. सगळी नौदल किंवा लष्करातली माणसं. त्यांना माझा सलाम आहेच. पण गुहागर, देवगड, वेंगुर्ल्याची साधी पोरगी शीड धरायला कुठे शिकणार? ती खाडीतच शिकेल, दुसरीकडे नाही.

पुलांचं मी जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे वेळ निघून चालली आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल होत आहेत: रेवस, आगरदांडा, बागमांडला, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर. पूल व्हावेत. बाणकोटच्या खाडीत अर्धवट सुटलेल्या पुलाचे खांब कित्येक वर्षं पाण्यात उभे राहिले, दोन्ही तीरांवरच्या लोकांनी ते रोज पाहिले. त्यांना फेरीबोटीसाठी तिष्ठत ठेवून मला शीड मिरवायचं नाही. माझा प्रश्न एकच आहे. उधाणाच्या भरतीला पुलाच्या तुळईखाली पाण्यापासून किती मीटर मोकळं राहणार? हा आकडा मी मागितला, मला मिळालेला नाही. माझी डोलकाठी पाण्यापासून साधारण दहा मीटर. मी ती खाली पाडू शकते, दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. पण पूल शंभर वर्षं राहतो. तो दोन मीटरनं बुटका झाला तर त्याच्या वरची अख्खी खाडी पुढच्या चार पिढ्यांच्या शिडांना बंद. रस्त्याचा विचार करणाऱ्या माणसाला खाडी म्हणजे मध्ये आलेली अडचण वाटते. तिलाही वाहतूक आहे, हे त्याला कुणीतरी नकाशा काढायच्या आधी सांगायला हवं.

विजेच्या तारांचं तर विचारूच नका. एका खाडीत आम्ही अशा तारांपाशी आलो. दोन्ही काठांना मनोरे, मध्ये झोळ पडलेल्या तारा, आणि उंचीची पाटी कुठेच नाही. आम्ही तारांच्या अलीकडेच नांगर टाकला आणि मी संबंधित कार्यालयात फोन लावला.

‘तारा पाण्यापासून किती उंच आहेत हो?’

‘मॅडम, नियमाप्रमाणे आहेत.’

‘नियमाप्रमाणे म्हणजे किती?’

‘जमिनीपासून की पाण्यापासून?’

‘पाण्यापासून. भरतीला.’

बराच वेळ काही नाही. मग, ‘भरतीला पाणी वाढतं, नाही का?’

मग नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला. त्याला दोरा आणि शिशाची गोळी बांधली, काठावर उभं राहून तारेच्या सगळ्यात खालच्या जागेचा कोन घेतला, अंतर फोनच्या नकाशावर मोजलं, टॅन्जंट लावला. आकडा आला तो जेमतेम पुरणारा होता. अॅल्युमिनियमची डोलकाठी, उच्चदाबाची तार, ती दुपारच्या उन्हात अजून झोळणार, आणि हवेतूनही ठिणगी उडी घेते. मामा म्हणाले, ‘गणित तुझं बरोबर असंल, पण मला मरायचं नाय.’ वळलो. वरच्या गावाला जायचं राहिलं ते राहिलंच.

गंमत अशी की कागदावर यातल्या कित्येक खाड्या राष्ट्रीय जलमार्ग आहेत. २०१६ च्या कायद्यानं देशातले १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यांत अंबा नदी आहे, कुंडलिकेसह रेवदंड्याची खाडी आहे, राजपुरीची खाडी आहे, सावित्री म्हणजे बाणकोटची खाडी आहे, वाशिष्ठीसह दाभोळची आणि शास्त्रीसह जयगडची आहे. राष्ट्रीय महामार्गावर पुलाची उंची लिहिलेली असते, वळणाला पाटी असते. राष्ट्रीय जलमार्गावर मला दिसतात ते मच्छीमारांनी स्वतःच्या पैशानं रोवलेले बांबू. दाभोळजवळ टोळकेश्वरचा आणि जयगडचा दीपस्तंभ चोख चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुखातून आत शिरलं की दोन-तीन वळणांनंतर नाविक नकाशावरचे खोलीचे आकडे विरळ होतात, मग जुने, मग नुसता कोरा पांढरा कागद. दांडा दर पावसाळ्यात सरकतो. राजापूरला एकेकाळी इंग्रजांची वखार होती, शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली. आज त्या गावापर्यंत कुठली बोट कशी जाणार? गाळ कुठवर आलाय हे बघायलाही कुणीतरी पाण्यावर जायला हवं.

संपर्काचंही थोडक्यात सांगते. सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाही, ते मान्य. मग डोंगरांच्या आड मोबाइल मुका झाला की उरतो बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ. संकटात हाक द्यायच्या चॅनेल १६ वर मी अनेकदा चाचणी हाक दिली. मोठ्या जहाजांनी ओ दिली, एकदा एका ट्रॉलरनं ‘ताई, आवाज मस्त येतोय’ म्हणून कळवलं. लहान बंदरांतून कुणीही नाही. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक मला पाठ आहेत. पण त्यांना फोन लावायला आधी रेंज लागते.

मागण्या फार नाहीत, आणि त्यातल्या बहुतेकांना पैसाही लागत नाही.

रात्री नांगर टाकायला मनाई असेल तर ती लेखी काढा, कलम लिहा, जागा लिहा, मुदत लिहा. नौदलाची हद्द, जयगडसारख्या मोठ्या बंदराचा जहाजमार्ग, अंजनवेलचा गॅस टर्मिनल इथे मनाई असावीच, आम्ही फिरकणारही नाही. बाकी ठिकाणची तोंडी मनाई मागे घेतली, असं तुमच्या चौक्यांना कळवा.

प्रवासाची माहिती देण्यासाठी एक अर्ज ठेवा. बोटीचं नाव, फोटो, माणसं, फोन, कुठल्या खाडीत कधी ते कधी. एकदा भरला की त्याची पोच रेवसपासून रेडीपर्यंत प्रत्येक चौकीवर चालावी. आणि नोंदणीत तो हौशी नौकेचा रकाना घाला.

सागरी महामार्गाच्या प्रत्येक पुलाखालची, सर्वांत मोठ्या उधाणाच्या पाण्यापासूनची मोकळी उंची तुळया चढायच्या आत जाहीर करा, हरकती मागवा. जुन्या पुलांवर आणि खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येक विजेच्या तारेपाशी दोन्ही बाजूंना पाटी लावा. ही मागणी माझ्या डोलकाठीपुरती नाही. वाळूच्या बार्जवर क्रेन असते, मच्छीमारांच्या नव्या बोटींवर उंच अँटेना असतात.

पावसाळा सरला की मुखांवरचा खोल मार्ग खुणावण्याचं काम त्या त्या गावच्या मच्छीमार सोसायटीला मोबदला देऊन सोपवा. त्यांना तो मार्ग डोळे मिटून ठाऊक आहे. दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ इथल्या फेरीबोटींच्या सारंगांना विचारलं तरी निम्मा सर्व्हे होईल.

मरीना नको. कोचीला बोळगट्टीत आहे, मुंबईला करायची तर करा. इथे धक्क्याला एक शिडी, एक नळ, कचरा टाकायला पिंप आणि लहान बंदरात दिवसातून ठरलेल्या वेळी रेडिओवर बसलेला एक माणूस, एवढं पुष्कळ झालं.

आमच्या बाजूनं आम्ही काय पाळतो तेही सांगते, कारण उद्या कुणीतरी शिडाच्या बोटीत गोंगाट घेऊन येईल आणि सगळ्यांचं नाव बदनाम होईल. मासेमारीच्या जाळ्याला पहिला मान. डोल जाळी बांधायच्या खुंटांपासून लांब. जीवरक्षक जाकीट अंगात, खुंटीला नाही. कचरा परत घरी. कांदळवनात पाय नाही, ड्रोन नाही, स्पीकर नाही. यातलं जे तुम्हाला नियमात घालायचं असेल ते घाला, मी पहिली सही करते.

या वर्षी त्रिपुरी पौर्णिमा झाली की आम्ही जयगडहून शास्त्रीत वर निघणार आहोत. तारखा, बोटीचा फोटो, दोघांचे फोन आणि नांगर टाकायच्या जागांचा नकाशा बंदराच्या कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात आधी देऊन पोच घेऊ. रात्री दिवा लावून थांबू. आम्हाला तिथून उठवायचं असेल तर येणाऱ्यानं लेखी आदेश आणावा. तो वाचून, त्याची प्रत घेऊन, पहाटेच्या मतलईला आम्ही निघू. तिन्हीसांजेला दांड्यावर जाणार नाही.

आपली,
गुहागर तालुक्यातली एका लहान शिडाच्या बोटीची मालकीण